भात सोडला, भाकरी वाढली, साखर तिथेच

प्रश्न : मी बेळगाव तालुक्यात येळ्ळूरच्या बाजूला राहते. वय ४८, वजन ६८ किलो. तीन महिन्यांपूर्वी तपासणीत मधुमेह निघाला. उपाशीपोटी साखर १६८, जेवणानंतर २६४ आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ८.४ आली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ दिली आहे. दवाखान्यात आहाराचा एक छापील कन्नड कागद मिळाला, तो मुलाने वाचून सांगितला. त्यात ओट्स, ब्राऊन ब्रेड, ब्रोकोली असे लिहिले आहे, आमची भाकरी-आमटी त्यात कुठेच नाही. सगळे म्हणाले म्हणून मी भात पूर्ण बंद केला. आता दोन्ही वेळा जोंधळ्याची भाकरीच खाते, चहात साखरेऐवजी गूळ घालते. तरी परवा साखर उपाशीपोटी १५४ आणि जेवणानंतर २४८ आली. मालक उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, मुलगा कॉलेजला जातो. सगळ्यांचे डबे, सासूबाईंचे जेवण, जनावरांचे पाहून मला जेवायला अडीच-तीन वाजतात. गोळी सकाळी आठ वाजता चहा-बटरबरोबर घेते. गेल्या एकादशीला दुपारी अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी साखरेचा चहा दिला तेव्हा बरे वाटले. आमच्या घरात माळ आहे, एकादशी कधी मोडलेली नाही. आता मला जेवायचीही भीती वाटते आणि उपास करायचीही. मिश्रीची सवय आहे, तीही सुटत नाही. वेगळा स्वयंपाक करणे मला जमणार नाही. मी काय खावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सगळ्यांत तातडीची गोष्ट आधी सांगतो. एकादशीला तुम्हाला जे झाले ते अशक्तपणाने किंवा उन्हाने झाले असे घरात कुणी म्हणत असेल, तर ते मानून घेऊ नका. दरदरून घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि साखर पोटात जाताच उतार, ही लक्षणे रक्तातील साखर एकाएकी खाली गेल्याची आहेत. त्या वेळी साखर मोजलेली नसल्यामुळे आकडा सांगता येणार नाही, परंतु तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे हे लक्षात घेता आधी हेच कारण धरून चालले पाहिजे. मेटफॉर्मिन एकटे असेल तर ते सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न असो वा नसो, आपले काम करीत राहते. तुम्ही आठ वाजता ती गोळी चहा आणि एका बटरवर घेता आणि पुढचे जेवण अडीच-तीनला होते. एरवी ते बटर आणि काम करता करता तोंडात टाकलेले मूठभर चिरमुरे यांच्यावर वेळ निभावून जात असेल. एकादशीला तेवढाही आधार नव्हता.

म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि हा प्रसंग वेळेसकट सांगा. गोळीची मात्रा कमी करायची, वेळ बदलायची की औषधच बदलायचे, हा निर्णय त्यांचा आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि अर्धी मोडूनही घेऊ नका, कारण अशा एकत्रित गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या औषध सावकाश सोडणाऱ्या असतात आणि त्या मोडायच्या नसतात. भेट होईपर्यंत न्याहारीचे ताट समोर आल्यावरच गोळी घ्यायची आणि गोळी घेतल्यावर ते ताट संपवल्याशिवाय उठायचे नाही, एवढे कटाक्षाने पाळा. संध्याकाळच्या गोळीचेही तसेच.

पुन्हा तसे वाटले तर ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ती ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल तरीही, चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. उतार नसेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या आणि बरे वाटल्यावर भाकरी-आमटी किंवा दूध-चपाती असे काही पोटभरीचे खा, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. अशा वेळी शेंगदाण्याचा लाडू किंवा कुंदा उपयोगाचा नाही. त्यातील तेला-तुपामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखान्यात न्यावे लागते. सासूबाईंना आणि मुलाला हे नीट समजावून ठेवा. त्या दिवशी सासूबाईंनी वेळेवर जे केले ते अगदी योग्य केले, हेही त्यांना सांगा.

आता भाताविषयी. इतक्या निग्रहाने भात सोडूनही साखर फारशी हलली नाही याचे तुम्हाला वाईट वाटते आहे. त्यात तुमचा दोष नाही, तुम्हाला मिळालेला सल्लाच अपुरा होता. ताटातून भात गेला आणि त्याच्या जागी भाकरी आली, बहुधा थोडी जास्तच आली. जोंधळ्याच्या पिठात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश कर्बोदके असतात, आणि नाचणीचे प्रमाणही त्याच्या आसपासच आहे. उद्या भाकऱ्या करायला बसाल तेव्हा एका भाकरीला लागणारे पीठ पाणी घालण्याआधी वजनकाट्यावर ठेवून पाहा. आपल्याकडे परातीत थापतात ती तव्याएवढी भाकरी बहुधा ८० ग्रॅम पिठाची भरेल, म्हणजे त्या एका भाकरीत पन्नासहून थोडी अधिक ग्रॅम कर्बोदके झाली. शिजलेल्या भाताची एक वाटी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम भात, घेतली तर तीत ती चाळीसच्या आसपास असतात आणि ३० ग्रॅम कणकेच्या पातळ चपातीत सुमारे २०. दुपारी दोन भाकऱ्या खाणाऱ्या बाईच्या पोटात भाताच्या अडीच वाट्यांहून अधिक ऐवज जातो, आणि तो ‘पथ्याचा’ आहे या समजुतीने जातो, म्हणून तिसरी अर्धी भाकरी घेतानाही मनाला टोचत नाही.

यावरून जोंधळा वाईट असा अर्थ काढू नका. त्यात तंतू चांगले असतात, पोट लवकर भरते, आणि पांढऱ्याशुभ्र, मऊ शिजणाऱ्या तांदळापेक्षा तो पचायला सावकाश आहे. अथणी-रायबागकडचा जोंधळा आणि खानापूरकडची नाचणी सोडून ओट्सचे पुडे आणण्याची काहीही गरज नाही. मात्र धान्याचे नाव बदलले आणि माप तेच राहिले, तर साखरेत फरक पडण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणातील आहाराची जी माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सरासरी भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे दिसले. पॉलिश केलेल्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण कमी केले नाही, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. त्यातला थोडा वाटा डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही यांतील प्रथिनांना दिला तेव्हा मात्र तो कमी असल्याचे आढळले. हा अभ्यास मधुमेह होण्याच्या धोक्याविषयीचा आहे, तरी झालेला मधुमेह आटोक्यात ठेवतानाही धोरण तेच ठेवावे लागते.

तेव्हा तुम्हाला भात परत मिळू शकतो. तुमच्या वजनाच्या आणि घरकाम-गोठ्याचे श्रम करणाऱ्या स्त्रीला एका जेवणात ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदके हे सुरुवातीला योग्य माप आहे. पुढे साखरेचे आकडे पाहून ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ कमी-जास्त करतील. हे माप आपल्या भाषेत मांडायचे तर ५० ग्रॅम पिठाची एक लहान भाकरी आणि त्यावर अर्धी वाटी भात, एवढे धान्य एका जेवणाला घ्यावे. पीठ आठवडाभर मोजून घ्या, पुढे हातालाच त्याचा अंदाज येईल. बटाटा आणि रताळे या भाज्या धरू नका, त्यांची गणना धान्यातच करा. आपल्या पश्चिम भागातील गावांत रताळी भरपूर पिकतात आणि ती घरचीच म्हणून सहज खाल्ली जातात, यासाठी मुद्दाम सांगतो.

ताटाचा अर्धा भाग भाजीने भरलेला असावा. पुंडी, मेथी, शेपू, राजगिरा, दोडका, गवार, वांगे, घेवडा, पडवळ, कोबी, परसात आणि बाजारात जे असेल ते चालते, आणि त्याबरोबर कच्चा मुळा, काकडी, कांदा किंवा टोमॅटो. भाजी म्हणजे भाकरीला लावायला चमचाभर काहीतरी, ही आपली सवय इथे आड येते. तुमच्या ताटात भाजीच्या दोन वाट्या हव्यात आणि भाकरी तिच्या जोडीला हवी. उरलेल्या भागापैकी निम्म्यात वर सांगितलेले धान्य आणि निम्म्यात प्रथिने असावीत.

प्रथिनांचा प्रश्न तुमच्या घरात जरा काळजीने पाहावा लागेल. माळ असल्यामुळे अंडी-मासळी येत नाहीत, आणि आमटी असते ती बहुतेक घरांत मूठभर डाळीत पाच माणसांची केलेली असते. तिची एक वाटी घेतली तर चव मिळते, प्रथिने फारशी मिळत नाहीत. ६८ किलो वजनाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. घट्ट उसळीच्या एका वाटीतून आठ-नऊ ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात, वाटीभर दह्यातून चार-पाच, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ मिळतात आणि बाकीची भाकरीतून व भाजीतून येतात. म्हणून दोन्ही जेवणांत एकेक वाटी घट्ट उसळ हवीच. हुलगे, मटकी, चवळी, मूग, हरभरा आलटून पालटून भिजत घाला. हुलग्यांचे कढण करून त्यावरच थांबू नका, दाणेही खा. सोयाबीनच्या वड्या घरात चालत असतील तर आठवड्यातून दोनदा करा. मात्र लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन अजून तपासलेले नसेल तर ते आधी करून घ्या, कारण मूत्रपिंडाला इजा झालेली असेल तर प्रथिनांचे माप डॉक्टरांनी ठरवावे लागते.

जेवताना आधी भाजी आणि कच्चे तुकडे, मग उसळ, मग भाकरी आणि शेवटी भात, असा क्रम ठेवला तर तेच अन्न खाऊनही जेवणानंतरची साखर कमी चढते. भात शेवटी घेणे ही तर आपली जुनीच रीत आहे. जेवणानंतर आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे अंगणात किंवा रस्त्याने चालून या. तेवढ्यानेही साखरेची चढण कमी होते, कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात.

आता वेळेविषयी. यावर मी सर्वांत जास्त भर देतो आहे, आणि हा भाग मालकांना आणि मुलाला वाचून दाखवा अशी माझी विनंती आहे. तुमच्या पत्रावरून दिसते की सकाळी भाकऱ्या, भाजी आणि आमटी तयार होते आणि डब्यांत भरून घराबाहेर जाते. म्हणजे तुम्ही आठ वाजता चहा-बटर घेता त्या वेळी चुलीशेजारी ताजे अन्न असते, ते फक्त तुमच्या ताटात येत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाने सकाळच्या चहानंतर सहा-सात तास उपाशी राहणे आणि मग भुकेच्या तडाख्यात अडीच भाकऱ्या एकदम खाणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. पहिलीने साखर कोसळते आणि दुसरीने उसळते. घरातील सर्वांचे झाल्यावर बाईने जेवायचे, ही रीत आपल्या गावांत इतकी मुरलेली आहे की ती मोडायला कुणी हरकत घेत नाही, पण स्वतःहून ‘तू आधी बैस’ असे म्हणतही नाही. ते आता म्हणावे लागेल. डबे भरताना पहिले ताट तुमचे वाढले जावे. आठ वाजता अर्धी भाकरी, भाजी आणि वाटीभर उसळ किंवा दही खाऊन गोळी घ्यावी, दुपारचे जेवण साडेबारा-एकला व्हावे, पाचच्या सुमारास ताक आणि मूठभर फुटाणे घ्यावेत आणि रात्रीचे जेवण आठपर्यंत आटोपावे. न्याहारीला कधी उप्पीट किंवा पोहे केले तर वाटीभरच घ्या, त्यात भाज्या घाला आणि बरोबर ताक ठेवा. बटर, खारी आणि टोस्ट मात्र बंद करा. त्यांत मैदा आणि तूप-तेलाखेरीज फारसे काही नसते.

वेगळा स्वयंपाक करावा लागेल अशी तुमची भीती आहे. तो करूच नका. वर सांगितलेली भाजी, उसळ आणि भाकरी सगळ्या घराने खावी, ज्याने त्याने आपल्या श्रमाप्रमाणे भाकरी कमी-जास्त घ्यावी. फाउंड्रीत भट्टीजवळ आठ तास राबणाऱ्या माणसाला तुमच्या दुप्पट धान्य लागेल, तर सासूबाईंना कदाचित तुमच्याहून कमी. मुलासाठीही हे आवश्यक आहे, कारण आईला मधुमेह असला की मुलांमधील धोका वाढतो. त्याच ‘इंडियाब’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा मालकांची आणि सासूबाईंचीही एकदा तपासणी करून घ्या. सरकारी तालुका रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य रोगांच्या विभागात ही सोय आहे.

गुळाबद्दल आपल्या भागात फार मोठा गैरसमज आहे. चिकोडी, निपाणी, हुक्केरी, रायबाग हा सगळा उसाचा पट्टा. गूळ आपल्या डोळ्यांसमोर कढईत तयार होतो, त्यात कसली पावडर नाही हे आपण पाहतो आणि म्हणून तो निरुपद्रवी मानतो. तो शुद्ध असेल, तरी त्याचा बहुतेक भाग साखरेचाच असतो आणि रक्तात गेल्यावर साखरेसारखाच वागतो. त्यातील लोह वगैरे घटक चहात घालण्याएवढ्या गुळातून नगण्य मिळतात. काकवी, मध आणि खडीसाखर यांनाही हेच लागू आहे. दिवसातून चार वेळा चहा होत असेल आणि प्रत्येक कपात दहा ग्रॅम गूळ पडत असेल, तर दिवसाला ४० ग्रॅम गूळ पोटात जातो, आणि तोही जेवणाबाहेर, एकेकटा. चहा दोन वेळा घ्या, गूळ दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत शून्यावर आणा. जीभ दोन-तीन आठवड्यांत त्याला सरावते. उसाचा रस मात्र पूर्ण वर्ज्य समजा. त्याच्या एका मोठ्या पेल्यात सात-आठ चमचे साखर असते आणि तंतू जवळजवळ नसतात.

एकादशीविषयी मी अदबीने, पण स्पष्टपणे लिहितो. डॉक्टर औषधाची नवी घडी बसवून देईपर्यंत एकादशी उपाशीपोटी करू नका. सासूबाईंशी बोलताना नेम मोडण्याची भाषा करण्यापेक्षा उपासाचे स्वरूप बदलते आहे असे सांगा. पांडुरंगाच्या नामाला, हरिपाठाला, भजनाला या आजाराची कसलीच आडकाठी नाही, आणि आजारी माणसाला उपासातून सवलत देणारी समजूत आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्या दिवसाची गोळी कशी घ्यायची हे त्यांच्याकडून लिहून घ्या. फराळाचे पदार्थही बदलावे लागतील. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नावालाच असतात. खिचडीच्या एका ताटलीने, त्यातही बटाटा घातलेला असेल तर, साखर भाकरीपेक्षाही वेगाने चढते. वरीचे तांदूळ हे धान्यच आहे, तेव्हा ते भातासारखेच मोजा. त्यांपेक्षा सकाळी दूध किंवा दही आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, दुपारी राजगिऱ्याच्या पिठाची एक लहान भाकरी, काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर आणि ताक, संध्याकाळी लिंबाएवढ्या आकाराचे उकडलेल्या रताळ्याचे दोन तुकडे आणि दूध, असा फराळ तीन-चार वेळांत वाटून घेतला तर पोट रिकामे राहत नाही. अंगाला घाम सुटला किंवा थरथर जाणवली तर उपास त्याच क्षणी सोडायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

सणासुदीचे आणि लग्नकार्याचे थोडक्यात सांगतो. कुंदा, करदंट, मांडे, पुरणपोळी यांवर जन्मभराची बंदी घालून घेतली की ती महिन्याभरात मोडते आणि मग मनाला खंत लागते. ज्या दिवशी पुरणपोळी असेल त्या दिवशी अर्धी पोळी जेवणातच घ्या आणि भाकरी-भात दोन्ही सोडा. गोड पदार्थ दुपारी चारला चहाबरोबर, रिकाम्या पोटी खाऊ नका. करदंटात साखर नसून गूळ आहे म्हणून तो चालतो, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. फळांपैकी पेरू, पपई, संत्रे, जांभूळ यांतील एक फळ किंवा एक वाटी रोज चालेल. आंब्याच्या दिवसांत दोन फोडी घ्या, आमरस नको. केळे घ्यायचे तर लहान आणि अर्धे घ्या. तेल घरातील प्रत्येक माणसामागे दिवसाला तीन-चार चमच्यांवर जाऊ देऊ नका, आणि लोणचे-पापड मोजून खा, कारण मधुमेहाबरोबर रक्तदाब वाढायला वेळ लागत नाही. शेंगांची, कारळ्याची, जवसाची चटणी चमचाभर अवश्य घ्या.

कारल्याचा रस, मेथ्यांचे पाणी, जांभळाच्या बियांची पूड यांविषयी शेजारणी सांगतीलच. भिजवलेल्या मेथ्या किंवा कारल्याची भाजी आहारात असण्याला हरकत नाही. त्यांच्या भरवशावर गोळी सोडण्याला आहे. एखादे चूर्ण किंवा काढा घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण गोळीबरोबर त्याचाही परिणाम झाला तर साखर पुन्हा खाली जाऊ शकते. मिश्रीचे तुम्ही स्वतःहून लिहिलेत हे फार चांगले केलेत. तंबाखू आणि मधुमेह एकत्र आले की हृदयाच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्या लवकर खराब होतात, हिरड्यांची जखम भरत नाही, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात आणणे अधिक कठीण होते. एकदम सुटत नसेल तर दिवसातील एकेक वेळ कमी करा आणि सरकारी दंतवैद्याकडे किंवा तंबाखूमुक्ती केंद्रात मदत मागा. त्यासाठी गोळ्या आणि निकोटीनचे च्युइंगम मिळतात.

हे सगळे जमते आहे की नाही, हे तुमचा ग्लुकोमीटर सांगेल. रोज चार वेळा बोट टोचण्याची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस निवडा आणि त्या दिवशी एका जेवणाच्या आधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी अशी जोडीने साखर पाहा, शेजारी त्या जेवणात काय आणि किती खाल्ले ते वहीत लिहा. एका आठवड्यात लहान भाकरी आणि अर्धी वाटी भात, दुसऱ्या आठवड्यात नुसती भाकरी, असे करून पाहिले की कोणत्या पदार्थाने तुमची साखर किती चढते ते समजेल. त्यात माणसागणिक फरक असतो. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत, हे लक्ष्य धरतात. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा आणि ती सातच्या खाली आणण्याचा प्रयत्न ठेवा. वजन साडेतीन किलोंनी उतरले तरी त्याचा साखरेवर चांगला परिणाम दिसतो.

डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, तळपायांची तपासणी आणि लघवीतील अल्ब्युमिन या तीन गोष्टी निदान झाल्याबरोबर एकदा आणि मग दरवर्षी व्हायला हव्यात, त्या झाल्या नसतील तर मागून घ्या. तुम्ही शाकाहारी आहात आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घ्यावे लागणार आहे, म्हणून बी-१२ जीवनसत्त्वाची पातळीही एकदा पाहायला सांगा, कारण त्याच्या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात आणि त्या मधुमेहाच्याच समजल्या जातात. सांगणे कन्नडमध्ये झाले आणि एखादा शब्द कळला नाही तर पुन्हा विचारायला संकोच करू नका. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर ‘सकाळी न्याहारीबरोबर’, ‘रात्री जेवणाबरोबर’ असे मुलाकडून मराठीत लिहून चिकटवून घ्या.